पथ्याचा कागद आणि जपानी स्वयंपाकघर

जपानमधल्या डायलिसिस केंद्रात नवा रुग्ण आला की आहारतज्ज्ञ त्याच्या हातात पथ्याचा कागद देते. मीठ दिवसाला ६ ग्रॅमपेक्षा कमी. पोटॅशियम २००० मिलिग्रॅमच्या आत. प्रथिनं आदर्श वजनाच्या दर किलोला ०.९ ते १.२ ग्रॅम. फॉस्फरस, जितके ग्रॅम प्रथिनं त्याच्या पंधरापट मिलिग्रॅम, त्याहून जास्त नको. उष्मांक दर किलोला ३० ते ३५. पाण्यापुढे नेमका आकडा नाही, ‘जमेल तितकं कमी’ एवढंच. जपानच्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली ठरवून दिलेली ही मापं आहेत आणि ती चुकीची नाहीत. अडचण एवढीच की ज्याच्या हातात हा कागद पडतो त्याने बऱ्याचदा आयुष्यात कधी भात लावलेला नसतो. तिथल्या डायलिसिस रुग्णांचं सरासरी वय सत्तरच्या आसपास आहे आणि दर तिघांत दोघं पुरुष. त्या पिढीतल्या नवऱ्याला घरातली सोया सॉसची बाटली कुठल्या कप्प्यात असते, हे सांगता आलं तरी पुष्कळ. म्हणून मुरलेली आहारतज्ज्ञ पोटॅशियमपासून सुरुवात करत नाही. ती विचारते, ‘काल रात्रीचा स्वयंपाक कुणी केला होता?’ आणि जिने केला असेल तिला पुढच्या वेळी सोबत बोलावते.

वरचे आकडे वाचून कुणी ते आपल्या घरच्या रुग्णाला लावू नयेत, हे आधीच सांगायला हवं. ते आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास डायलिसिस घेणाऱ्यासाठी आहेत. आपल्याकडे आठवड्याला दोनच वेळा करून भागवणारे खूप आहेत. त्यांची मापं त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावी लागतात.

जपानमध्ये डायलिसिसवर असलेल्यांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात आहे. १९६७ साली डायलिसिस आरोग्य विम्यात आलं, १९७२ पासून उरलेला खर्चही सरकारी मदतीतून भागू लागला. आज रुग्णाला महिन्याला १०,००० येन, उत्पन्न जास्त असेल तर २०,००० येन भरावे लागतात. किडनी प्रत्यारोपण तिथं तुलनेने कमी होतं. त्यामुळे काही माणसं डायलिसिसवरच वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं काढतात. इतका काळ पथ्य एकट्याच्या मनोनिग्रहावर रेटता येत नाही. ते घराने चालवावं लागतं, आणि मोडतंही ते घराच्याच सवयींपाशी.

सकाळचं ताट घेऊ. भात, मिसो या सोयाबीनच्या खारट, आंबवलेल्या लगद्याचं सूप, खारवलेल्या सामन माशाचा भाजलेला तुकडा, एक उमेबोशी म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं आंबट फळ, ताकुआन या मुळ्याच्या लोणच्याच्या दोन चकत्या आणि आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो. तेल जवळजवळ नाही, सगळं कसं हलकं. आता मीठ मोजू. दीडशे मिलिलिटर सुपात बारा ग्रॅम मिसो पडतो, त्यातून दीड ग्रॅम मीठ. सामनच्या ऐंशी ग्रॅमच्या तुकड्यात जवळपास १.४. पारंपरिक उमेबोशीचा दहा ग्रॅम गर म्हणजे २ ग्रॅम. लोणच्याच्या दोन चकत्या ०.७, नात्तोसोबतच्या पुडीतला रस अर्धा ग्रॅम. बेरीज सहाच्या वर. दिवसाचा कोटा सकाळी आठच्या आत संपला, आणि खाणाऱ्याला आपण काही खारट खाल्लं असं वाटलेलंसुद्धा नाही. सर्वसाधारण जपानी प्रौढाच्या पोटात रोज सुमारे १० ग्रॅम मीठ जातं, असं २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं होतं. ते असंच थेंबाथेंबाने जातं.

या ताटातला निर्दोष पदार्थ म्हणजे भात. जपानी भातात मीठ घालतच नाहीत. ‘पाश्चात्त्य नाश्ता हलका असतो’ म्हणून सुनेने ब्रेड सुरू केला की जाड्या एका स्लाइसमागे पाऊण ग्रॅम मीठ वाढतं, वर लोणी आणि हॅम. भातावर राहिलेलं बरं.

मिठाचा एवढा धसका का, तर आठ ग्रॅम मीठ शरीरात साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. लघवी जवळपास बंद झालेल्या माणसात हे पाणी जायला वाट नसते. ते वजनकाट्यावर दिसतं. दोन डायलिसिसमध्ये एक दिवसाची सुट्टी असेल तर वजन ड्राय वेटच्या, म्हणजे साचलेलं पाणी काढल्यावरच्या वजनाच्या, तीन टक्क्यांपर्यंत आणि दोन दिवसांची असेल तर पाच टक्क्यांपर्यंतच वाढावं, असं रुग्णांना शिकवतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे १.८ आणि ३ किलो. रोज दहा ग्रॅम मीठ खाल्लं तर दोन दिवसांत वीस ग्रॅम, त्यावर अडीच लिटर पाणी नुसतं मिठाने ओढलेलं. हे सगळं चार तासांत यंत्राने काढायचं. मग शेवटच्या तासात रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं. दाब सावरायला नर्स शिरेतून सलाइन देते, म्हणजे पुन्हा मीठच. घरी पोचल्यावर तहान आणखी वाढलेली असते.

अशा वेळी घरचे ‘पाणी कमी प्या’ म्हणून मागे लागतात. पेला मोजून देतात, बर्फाचे खडे देतात. पण मीठ तेवढंच ठेवून पाणी तोडायला सांगणं म्हणजे छळ आहे, दुसरा शब्द नाही. रक्तातलं सोडियम चढलं की मेंदू तहान लावणारच. आधी मीठ उतरवलं की पाणी पुष्कळसं आपोआप उतरतं. हे एक वाक्य रुग्णाच्या बायकोला पटलं तर अर्धं काम झालं, असं मला वाटतं.

सूप बंद करा म्हटलं की बंद होत नाही. ज्या घरात चाळीस वर्षं रोज सकाळी दाशीचा, म्हणजे सुपाच्या मूळ रसाचा, वास दरवळला, तिथं ती वाटी ताटातून काढली की माणसाला जेवण अपुरं वाटतं, आणि करणारीला आपण काहीतरी काढून घेतल्यासारखं. मग घरोघरी एक तडजोड होते: मिसो तेवढाच ठेवून पाणी वाढवायचं. हा सगळ्यात वाईट मार्ग. मीठ तेवढंच राहतं, वर शंभर मिलिलिटर पाणी जास्त, आणि चव पातळ झाल्यामुळे शेजारी लोणचं हवं होतं. उलट करायला हवं. दाटपणा नेहमीचाच ठेवायचा, रस अर्धा करायचा. वाटी लहान घ्यायची, तिच्यात तोफू, कोबी, कांदा भरपूर, आणि रस जेमतेम सत्तर-पंचाहत्तर मिलिलिटर. मीठ पाऊण ग्रॅमवर येतं. दिवसातून एकदाच, आणि शेवटी वाटी तोंडाला लावून तळ गाठायचा नाही. हे शेवटचं फार जड जातं. उष्टं टाकू नये हा संस्कार त्या पिढीत खोल आहे, त्यामुळे रस उरवायला सांगण्यापेक्षा मुळात कमी वाढणं सोपं. रामेनच्या बाबतीतही तेच: वाडग्यातल्या सहा ग्रॅम मिठापैकी निम्म्याहून जास्त रशात असतं. दुकानात रस्सा सोडायची लाज वाटत असेल तर रामेनऐवजी झारू सोबा मागवावा. त्यात रस्सा वेगळ्या पेल्यात येतो, नूडल्सचं टोक बुडवायचं आणि उरलेला तसाच ठेवायचा, कुणी वळूनही बघत नाही.

दाशीबद्दल एक बारकावा आहे, चांगल्या चांगल्या पथ्यपुस्तिकांतही तो निसटतो. मीठ कमी करताना चव टिकवायची तर दाशी घट्ट करा, असं सगळे सांगतात. बरोबरच आहे, १९०८ साली इकेदा किकुनाए यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं ते याच चवीच्या शोधात. पण कोम्बू हा पोटॅशियमचा साठा आहे, वाळलेल्या शंभर ग्रॅममध्ये सहा हजार मिलिग्रॅमपर्यंत. त्याच्या दाशीत शंभर मिलिलिटरला सुमारे १४० मिलिग्रॅम उतरतं, तर कात्सुओबुशीच्या, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाच्या दाशीत तिसाच्या आसपास. रोजच्या सुपाला कात्सुओबुशी, कोम्बू सणासुदीला. एक लिटर पाणी उकळून आच बंद करायची, पंचवीस-तीस ग्रॅम कीस टाकायचा, दोन मिनिटांनी न पिळता गाळून घ्यायचं. आणि पाकिटातली दाण्यादाण्यांची झटपट दाशी वापरायची असेल तर मागचं लेबल वाचावं: तिच्या वजनाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग मीठच असतो. ‘मी तर मीठ घातलंच नाही’ म्हणणाऱ्या घरात ही बरणी सापडते.

सोया सॉसचं गणित प्रांताप्रांतात बदलतं. तोक्योकडचा काळा सॉस खारट दिसतो, क्योतो-ओसाकाकडचा फिकट सौम्य दिसतो. प्रत्यक्षात काळ्यात मीठ साडेचौदा टक्के आणि फिकटात सोळा. रंग बघून हात सैल सोडणाऱ्यांची फसगत होते. ताटावर बाटली फिरवून ओतण्याऐवजी बशीत चमचाभर घेऊन माशाचं टोक टेकवायचं, ही सवय बहुतेकांना जमते. सुशी भाताच्या बाजूने बुडवली तर भात सगळा सॉस पितो. माशाच्या बाजूने टेकवावी. कमी मिठाचा सॉस आणला की बेफिकिरी येते आणि दुप्पट ओतला जातो, त्यामुळे फायदा शून्य. आणि काही ‘कमी सोडियम’ मीठांत सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. ज्याला फक्त रक्तदाब आहे त्याला ते चालेल, डायलिसिसवाल्याला नाही. परगावी राहणारी मुलगी काळजीपोटी अशी बाटली पाठवते आणि महिन्याच्या रक्ततपासणीत पोटॅशियम चढलेलं दिसतं. भारतातही अशी मीठं मिळतात, तेव्हा हा इशारा इथेही लागू.

चव आणायला युझू, सुदाची ही आंबट फळं, आलं, शिसोची पानं, सान्शो, वासाबी, व्हिनेगर यांचा जपानी स्वयंपाकात तोटा नाही. एक युक्ती खरंच काम करते: सगळ्या पदार्थांत थोडं थोडं मीठ कमी करण्याऐवजी एका पदार्थाला नेहमीसारखी चव द्यायची आणि बाकीचे जवळपास अळणी ठेवायचे. जिभेला एक ठिकाण मिळतं. सगळंच मचूळ असलं की माणूस चौथ्या दिवशी बंड करतो.

भाज्यांतलं पोटॅशियम पाण्यात विरघळतं, म्हणून उकळून पाणी टाकायचं, ही पद्धत तिथल्या पालेभाजीच्या रोजच्या कृतीतच बसलेली आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ६९० मिलिग्रॅम. भरपूर पाण्यात उकळून, गार पाण्यात टाकून, घट्ट पिळला की वजन सत्तर ग्रॅम आणि पोटॅशियम निम्म्यावर. पिळणं महत्त्वाचं आहे, नुसतं निथळून भागत नाही. बटाटा, रताळं, गाजर आधी बारीक चिरायचं, मग उकळायचं. अख्खा बटाटा उकडून सोलला तर आतलं पोटॅशियम तसंच राहतं. मायक्रोवेव्हमध्ये वाफवलेली भाजी आरोग्यदायी म्हणून मुलं आणून देतात, त्यात काहीच कमी झालेलं नसतं.

खरी गडबड होते ती निमोनोत, म्हणजे दाशी-सॉसमध्ये मंद शिजवलेल्या भाज्यांत. पोटॅशियम रसात उतरतं, रस पुन्हा भाजीत मुरतो, आणि ‘आजीच्या हातची चव’ म्हणतात ती त्या मुरलेल्या रसाचीच असते. यावर इलाज, भाज्या आधी वेगळ्या उकळून ते पाणी टाकून द्यायचं आणि नंतर थोड्या रसात वरवर शिजवायच्या. चव बदलते, खोटं कशाला बोला. मुरलेल्या मुळ्याची सर त्याला येत नाही.

हिवाळ्यातला नाबे हा तर सगळ्या घराचा प्रश्न. टेबलाच्या मधोमध शेगडीवर मातीचं भांडं उकळतंय, त्यात चिनी कोबी, कांद्याची पात, मशरूम, तोफू, कोंबडी किंवा मासा, आणि सगळे एकाच भांड्यातून काढून घेतात. रुग्णाला वेगळी थाळी दिली तर तो टेबलाशी असूनही टेबलाबाहेर. हे टाळता येतं, कारण नाबेचे प्रकार दोन आहेत. योसेनाबे, किमची नाबे किंवा पाकिटातल्या तयार रशाचा नाबे यांत रस्साच खारट असतो. मिझुताकी, युदोफू आणि शाबूशाबू यांत रस्सा जवळजवळ अळणी, चव ज्याची त्याच्या वाटीत. घराने दुसऱ्या प्रकाराची सवय लावली की भांडं एकच राहतं आणि हिशोब वाटीत होतो. पोन्झू, म्हणजे आंबट फळांचा रस घातलेला सोया सॉस, चमचाभर घेतला की सव्वा-दीड ग्रॅम मीठ. त्यात तेवढाच युझूचा रस मिसळून निम्मा पोन्झू वापरायचा. भाजी झाऱ्याने निथळून घ्यायची, रस्सा नाही. भाज्यांनी सोडलेलं पोटॅशियम आता भांड्यात साचलेलं असतं, आणि शेवटी त्याच रशात भात किंवा उदोन नूडल्स शिजवून खायची प्रथा आहे. सगळ्यांची सर्वांत आवडती तीच वेळ. तिथं रुग्णाने साधा भात खावा. कोणी आग्रह करू नये, आणि ‘बिचाऱ्याला नाही चालत’ असंही म्हणू नये.

आग्रह आणि माया यांचं सगळ्यात टोकाचं रूप आजारपणात दिसतं. ताप आला, भूक मेली की जपानी घरात ओकायु होतो: तांदळाची मऊ पेज, वर एक उमेबोशी. आपल्याकडे मऊ भात आणि लिंबाचं लोणचं, तसंच. आता डायलिसिसवाल्याच्या नजरेने या वाडग्याकडे बघा. अडीचशे ग्रॅम पेजेत दोनशे मिलिलिटरहून जास्त पाणी आणि जेमतेम १६० उष्मांक. दीडशे ग्रॅम साध्या भातात पाणी नव्वद मिलिलिटर, उष्मांक २३० च्या पुढे. शिवाय उमेबोशीतलं दोन ग्रॅम मीठ. म्हणजे पाणी दुप्पट, मीठ शून्याचं दोन ग्रॅम, ऊर्जा दोन तृतीयांश. आणि प्रथिनं नावालाच. आजारी माणसाला हवं त्याच्या नेमकं उलट, तेही सर्वांत प्रेमाने केलेलं. पेज द्यायचीच असेल तर घट्ट करावी, उमेबोशीऐवजी अंडं फेटून घालावं, वर थोडं तेल सोडावं. आणि मधाळ उमेबोशीवरचं ‘कमी मीठ’ वाचून दोन खाऊ नयेत. एकीतही पाऊण ग्रॅम असतंच.

भेटीला येणारे लाकडी खोक्यातलं खरबूज आणतात. जपानमध्ये आजाऱ्याला द्यायची प्रतिष्ठेची भेट म्हणजे जाळीदार सालीचं मस्कमेलन. दोनशे ग्रॅमच्या फोडीत सातशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, दिवसाच्या कोट्याचा तिसरा हिस्सा. यजमानाने पाहुण्याला दिलेला ग्योकुरो चहाही तसाच: शंभर मिलिलिटरला ३४० मिलिग्रॅम, जेव्हा होजिचा या भाजलेल्या पानांच्या चहात पंचवीससुद्धा नसतं. ग्योकुरोचा पेला अगदी लहान असतो म्हणून एखाद्या घोटाने काही होत नाही. रोजचा चहा मात्र होजिचाच असावा. शरदात भाजलेलं रताळं, वाळवलेलं पर्सिमॉन, डिसेंबरात गावाकडून येणारी संत्र्यांची पेटी. संत्रं, म्हणजे मिकान, दिवसाला एक चालतं. पेटी टेबलाखाली ठेवलेली असली तर एकावर कुणी थांबत नाही. ती आली त्याच दिवशी निम्मी शेजारी वाटून टाकणाऱ्या बायका मला फार शहाण्या वाटतात.

आता एक गोष्ट, जिच्याकडे घरच्यांचं सहसा लक्ष जात नाही. डायलिसिस सुरू होण्याआधीची कित्येक वर्षं हेच घर वेगळं पथ्य पाळत असतं. किडनी वाचवायची म्हणून तेव्हा प्रथिनं दर किलोला ०.६ ते ०.८ ग्रॅमवर आणलेली असतात. बायकोने माशाचा चाळीस ग्रॅमचा तुकडा नजरेने कापायला शिकून घेतलेलं असतं, कमी प्रथिनांचा खास तांदूळ आणलेला असतो. मग डायलिसिस सुरू होतं आणि नियम उलटतो: आता प्रथिनं वाढवायची, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात. तुकडा सत्तर-ऐंशी ग्रॅमचा हवा. पण दहा वर्षांची सवय एका कागदाने सुटत नाही. ‘जास्त मासा म्हणजे विष’ हे मनात बसलेलं असतं.

अशा घरातला रुग्ण तपासणीत पहिला येतो. फॉस्फरस कमी, युरिया कमी, वजन थोडंच वाढलेलं. सगळे कौतुक करतात, तो आणखी कमी खातो. सांगितलेलं तंतोतंत पाळणं ही तिथं मोठी गुणाची गोष्ट, आणि इथं तीच घात करते, कारण ते आकडे पथ्याने नव्हे, उपासाने उतरलेले असू शकतात. मांड्या, दंड रोडावतात, वजनकाटा मात्र हलत नाही. गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. रक्तदाब चढू लागतो, छातीच्या एक्स-रेत हृदयाची सावली रुंदावते. ही सावली छातीच्या रुंदीच्या किती टक्के, हे जपानी केंद्रं नियमित मोजतात. पुरुषांत पन्नास टक्क्यांच्या आत असावी लागते. ती वाढली तर ड्राय वेट खाली आणतात, आणि त्याच वेळी खाणं वाढवायला हवं असतं. माझ्या मते सत्तरीपुढच्या रुग्णाच्या घरात फॉस्फरसच्या भीतीपेक्षा ही जास्त बोलायची गोष्ट आहे. फॉस्फरसवर गोळ्या आहेत, जेवणासोबत घ्यायच्या. बाहेर जेवताना त्या पिशवीतच राहतात, एवढीच काळजी घ्यायची. अन्नात काही तोडायचंच असेल तर कामाबोको, चिकुवा या माशाच्या तयार वड्या, हॅम, सॉसेज तोडावं. त्यांत घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, मीठ वेगळंच. तोफू, मासा, अंड्याचा पांढरा भाग तोडू नये.

स्वयंपाक करणारी व्यक्तीच रुग्ण असेल तर चित्र पालटतं. ती नवऱ्याला, मुलांना अळणी खायला लावत नाही. त्यांच्यासाठी नेहमीचं करते आणि तेच स्वतः खाते, वर उरलेलंही संपवते. वेगळा स्वयंपाक करायला सांगितलं तर आठवडाभर होतो. टिकते ती पद्धत अशी की सगळ्यांचं एकत्र शिजवायचं, मीठ-सॉस न घालता. आपला वाटा बाजूला काढायचा. मग भांड्यात इतरांची चव घालायची. मासा खारवलेला न आणता ताजा आणायचा, त्याला मीठ ताटात.

आणि ज्याची बायको गेली तो? तो कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, जातो. तिथली ओनिगिरी (भाताचे गोळे), बेंतो (तयार जेवणाचा डबा), कप नूडल्स यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो खातोय हेच मोठं. २०२० पासून तिथं पाकिटबंद अन्नावर मिठाचं प्रमाण छापणं पूर्णपणे बंधनकारक झालंय, ग्रॅममध्ये. पोटॅशियम, फॉस्फरस छापत नाहीत. त्याला एकच नियम द्यावा: एका जेवणाची बेरीज दोन ग्रॅमच्या आत. बेंतोतलं लोणचं आणि सॉसची पुडी न उघडता ठेवायची, कप नूडल्स नाहीत. घरपोच येणारे डायलिसिसचे डबेही मिळतात. रोज परवडत नसतील तर दोन दिवसांच्या सुट्टीत, शनिवार-रविवारी किंवा रविवार-सोमवारी, मागवावेत, कारण वजन तिथंच चढतं.

नववर्षाचा ओसेची हा सणाचा फराळ लाखेच्या डब्यांत थरांनी भरलेला असतो. तीन दिवस टिकावा म्हणूनच तो खारट आणि गोड केलेला. त्यातल्या प्रत्येक पदार्थाशी काही शुभेच्छा जोडलेली, काळे सोयाबीन कष्ट आणि आरोग्यासाठी, माशाची अंडी संततीसाठी, त्यामुळे ‘नको’ म्हणणं अशुभ वाटतं. प्रत्येकातलं एक-एक, लहान बशीत, एकदाच. मुळा-गाजराचा व्हिनेगरमधला नामासू त्यातल्या त्यात मोकळेपणाने खावा. क्योतोकडच्या झोनी या नववर्षाच्या सुपातला पांढरा मिसो कमी खारट, सहा टक्के मिठाचा, पण तो दुपटी-तिपटीने घालतात. त्यातला मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, मात्र या रुग्णाला उत्तमच: पाणी कमी, पोटॅशियम नगण्य, ऊर्जा भरपूर. तो वृद्धांच्या घशात अडकून दर जानेवारीत अपघात होतात, म्हणून बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्यायचा.

भूकंपाच्या देशात आणखी एक तयारी घराला करावी लागते. १९९५ मध्ये कोबेला आणि २०११ मध्ये ईशान्य किनाऱ्याला वीज-पाणी तुटलं तेव्हा डायलिसिस केंद्रं बंद पडली; फुकुशिमातले शेकडो रुग्ण बसने दुसऱ्या प्रांतांत न्यावे लागले. निवाऱ्यात मिळतं ते कप नूडल्स, ओनिगिरी आणि चांगल्या मनाने वाटलेला भाजीपाल्याचा रस. शेवटचा पोटॅशियमने भरलेला. डायलिसिस लांबलं तर मीठ, पोटॅशियम, पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली आणायचं आणि उष्मांक साखरेवर, भातावर राखायचे. उपाशी राहिलं तर शरीर स्वतःचं मांस मोडतं आणि पोटॅशियम चढतंच. म्हणून दाराजवळच्या पिशवीत बिनमिठाचा तयार भात, खडीसाखरेच्या गोळ्या, कमी मिठाची बिस्किटं, तीन दिवसांची औषधं ठेवतात. सोबत एक कार्ड: केंद्राचा फोन, डायलिसिसचे वार आणि तास, औषधांची अॅलर्जी, ड्राय वेट. ड्राय वेट पेन्सिलने लिहावं आणि पुढे तारीख टाकावी, कारण ते दर काही महिन्यांनी बदलतं आणि नव्या ठिकाणचा डॉक्टर कार्डावरच्याच आकड्यावर यंत्र लावणार असतो.